आधी बोर्ड, मग प्रोसेसर : आमची वाटचाल

आम्ही दोघांनी काम सुरू केलं तेव्हा जुन्या मदरबोर्डावर वेगळा प्रोसेसर बसवून देणारे अडॅप्टर वगैरे डोक्यातही नव्हतं, कॉम्प्युटर रिपेअरिंग करायचं एवढंच ठरलं होतं. पार्टनर सोल्डरिंगमध्ये पक्का आणि मी बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर), ड्रायव्हर, सॉफ्टवेअर बघायचो. पण पहिल्या काही महिन्यांतच एक वर्कशॉपवाले आले, त्यांची मशीन ज्या पीसीवरून चालायची त्यात इंटेलचा पेंटियम टू प्रोसेसर होता आणि मशीनचं कंट्रोल कार्ड आयसा स्लॉटमधलं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खाचेतलं. नवीन सॉफ्टवेअर टाकलं तर पीसी रडायला लागायचा, आणि नवीन पीसी घ्यावा तर त्यात आयसा स्लॉटच नाही, म्हणजे कार्ड बाद, कार्ड बाद म्हणजे अख्खी मशीन बाद. ते म्हणाले, "साहेब, बोर्ड हाच ठेवा, फक्त वेग वाढवून द्या." तिथून आमचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला.

ज्यांना तो काळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1997 मध्ये पेंटियम टू आला तो कार्ट्रिजमध्ये, आणि तो बोर्डवर उभा बसायचा, त्या खाचेला स्लॉट वन म्हणायचे. दोनेक वर्षांत इंटेल परत चपट्या चौकोनी चिपवर आलं, सॉकेट 370 वर. म्हणजे बोर्ड स्लॉटचा आणि चांगले, स्वस्त प्रोसेसर सॉकेटचे. मग कंपन्यांनी एक उभं कार्ड काढलं, खाली स्लॉट वनची सोनेरी कडा आणि वर सॉकेट 370, त्याला सगळे स्लॉटकेट म्हणायचे. बघायला एकदम सोपी गोष्ट, बसवलं की चाललं असं वाटायचं. आम्हालाही तेच वाटलं, आणि तिथेच आम्ही चुकलो.

एका कस्टमरच्या मशीनमध्ये आधी सेलेरॉन (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर) बसवला होता, तो 2.0 व्होल्टवाला, नंतर त्यांनी वेग आणखी वाढवून मागितला म्हणून त्याच स्लॉटकेटवर कॉपरमाइन पिढीतला पेंटियम थ्री बसवला, ज्याला 1.65 व्होल्ट लागायचे. स्लॉटकेटवर व्होल्टेज ठरवणारे जंपर, म्हणजे जागा बदलता येणाऱ्या छोट्या टोप्या, असतात, ते जुन्याच जागी राहिले. मशीन चालू झाली, कस्टमर खूश, आम्ही खूश. काही आठवड्यांनी ती हँग व्हायला लागली आणि एक दिवस चालूच होईना. प्रोसेसर गेला होता. चूक शंभर टक्के आमची होती, प्रोसेसर आमच्या खर्चाने बदलून दिला, पण त्यांचं काम चार दिवस बंद राहिलं त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. पीसी परत देण्याआधी प्रोसेसरला व्होल्टेज देणाऱ्या रेग्युलेटरच्या कॉइलवर मल्टीमीटरची प्रोब ठेवायची, आकडा वाचायचा आणि एका जाड कार्डावर पेन्सिलने लिहायचा, कुठला जंपर कुठे आहे त्याचं छोटं चित्र काढायचं, तारीख टाकायची आणि ते कार्ड कॅबिनेटच्या आत चिकटवायचं. पेन्सिलनेच, कारण पेनाची शाई आतल्या उष्णतेने फिकी पडते हा आमचा अनुभव. पुढच्या वेळी पीसी उघडला की आधी कार्ड वाचायचं, मग हात लावायचा.

अडॅप्टर म्हणजे फक्त पिना जुळवणं हा गैरसमज अजूनही फार आहे. पिना हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरे प्रश्न तीन, बोर्ड तेवढं कमी व्होल्टेज देतो का, बस, म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता, किती मेगाहर्ट्झची आहे, आणि बायोसला तो प्रोसेसर ओळखता येतो का. सुरुवातीच्या कित्येक स्लॉट वन बोर्डांचा रेग्युलेटर 1.8 व्होल्टच्या खाली उतरायचाच नाही. बसचं तर विचारूच नका, त्या काळच्या बोर्डांवरचा इंटेलचा 440 बीएक्स चिपसेट अधिकृतपणे 66 आणि 100 मेगाहर्ट्झचा, आणि लोक घेऊन यायचे 133 बसचा 1 गिगाहर्ट्झ पेंटियम थ्री. त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या किती पट पळायचं तो आकडा, साडेसात आणि तो लॉक असतो, म्हणजे 100 च्या बसवर तो 750 लाच पळणार. एवढे पैसे घालून पाव वेग हवेत. तेव्हापासून मी कस्टमरला प्रोसेसर घेण्याआधी बोर्डचा नंबर विचारतो, आधी बोर्ड मग प्रोसेसर, हे वाक्य आमच्याकडे नवीन मुलाला पहिल्या दिवशी सांगितलं जातं.

बीएक्स बोर्डासाठी माझा सगळ्यात आवडता प्रोसेसर म्हणजे ट्युआलाटिन पिढीतला सेलेरॉन 1.4 गिगाहर्ट्झ. बस 100 ची, मल्टिप्लायर 14, त्यामुळे जुन्या बोर्डावर पूर्ण वेगाने पळतो. पण त्याला 1.5 व्होल्ट लागतात आणि सिग्नलिंगची पातळी पण वेगळी, साध्या स्लॉटकेटवर तो उठतच नाही. त्यासाठी वेगळे अडॅप्टर यायचे, स्वतःचा रेग्युलेटर असलेले, काहींना पॉवर सप्लायची वेगळी वायर जोडावी लागायची. त्या वर्कशॉपवाल्यांच्या पीसीत शेवटी हाच बसला.

वाहतुकीत एक गोष्ट शिकलो. उभं कार्ड, त्याच्यावर हीटसिंक, फॅन, सगळं वजन एका बाजूला. टेम्पोत एक खड्डा आला की स्लॉटकेट एका टोकाला केसभर वर येतं आणि पीसी चालूच होत नाही, कस्टमर म्हणणार कालच तर नीट करून दिला. आता आम्ही कार्डाला आधाराचा ब्रॅकेट लावल्याशिवाय पीसी बाहेर पाठवत नाही.

मग बरीच वर्षं हे काम कमी झालं, मध्ये एसुसचं सीटी-479 अडॅप्टर आलं, लॅपटॉपचा पेंटियम एम डेस्कटॉपच्या 478 सॉकेटमध्ये बसवणारं. वीज खूप कमी खायचं, फॅनचा आवाज जवळपास नाही, पण ठरावीक बोर्डांवरच आणि बायोस अपडेट करूनच चालायचं, त्यामुळे आमच्याकडे त्याची मोजकीच कामं झाली.

दुसरी मोठी लाट आली ती 771 सॉकेटचे प्रोसेसर 775 सॉकेटच्या बोर्डात बसवायची. सर्व्हरमधून निघालेले 771 चे झिऑन प्रोसेसर ढिगाने मिळायला लागले आणि लोकांच्या घरी 775 चे बोर्ड होतेच. झिऑन ई5450 म्हणजे चार कोअर, 3 गिगाहर्ट्झ, 12 एमबी कॅशे, 80 वॉट, जवळपास 775 चा कोर टू क्वाड क्यू9650 च. इथे अडॅप्टर म्हणजे एक पातळ स्टिकर, प्रोसेसरच्या खालच्या बाजूला चिकटवायचा, तो दोन संपर्कांची अदलाबदल करतो, बस एवढंच काम. पण खाचा जुळत नाहीत, चिप नव्वद अंशांनी फिरवून बसते, त्यामुळे सॉकेटमधले दोन प्लास्टिकचे दात कापावे लागतात.

हे दात कापणं म्हणजे श्वास रोखून करायचं काम. बोर्ड तिरका धरायचा म्हणजे प्लास्टिकचा कीस पिनांवर पडत नाही, नवीन ब्लेड घ्यायचं, एकदम दाबायचं नाही, एकेक पापुद्रा काढायचा. सॉकेटची पिन केसासारखी असते, ब्लेड घसरलं तर तीन चार पिना एकदम आडव्या होतात आणि मग सुई आणि भिंगाखाली तासभर बसा. स्टिकर लावताना पार्टनर कोणाशी बोलत नाही, कोपरा जरासा सरकला तरी बोर्ड पोस्ट होत नाही, म्हणजे सुरूच होत नाही. आणि स्टिकर लागला म्हणजे झालं असं नाही, बायोसमध्ये त्या झिऑनचा मायक्रोकोड (त्या प्रोसेसरसाठीचा छोटा कोड) नसेल तर कधी पोस्टच होत नाही, कधी चालतो पण पॉवर सेव्हिंग नीट चालत नाही. मायक्रोकोड घालून बायोस परत फ्लॅश करणं हे माझं काम, आणि आधी मूळ बायोसची कॉपी काढल्याशिवाय मी ते करत नाही, कितीही घाई असू द्या.

आता आम्ही नाही म्हणतो अशी कामंही बरीच आहेत. स्वस्तातल्या जुन्या बोर्डाचा पॉवर भाग कमजोर असेल तर 120 वॉटचा झिऑन एक्स5460 आम्ही बसवत नाही. विंडोज 11 चं 24एच2 व्हर्जन एसएसई 4.2 आणि पॉपकाउंट या इन्स्ट्रक्शन नसलेल्या प्रोसेसरवर बूटच होत नाही, आणि हे झिऑन एसएसई 4.1 पर्यंतच, म्हणून ज्यांना नवीन विंडोज हवं आहे त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की पैसे इथे घालू नका, नवीन बोर्ड घ्या. धंदा जातो, पण तो माणूस सहा महिन्यांनी वैतागून परत येण्यापेक्षा हे बरं.

आज कामाचा मोठा भाग पुन्हा मशीनवाल्या पीसींचाच आहे, प्रयोगशाळेतली उपकरणं, जुने प्रिंटिंग कंट्रोलर, ज्यांचं कार्ड दुसरीकडे चालत नाही. त्या पहिल्या वर्कशॉपचा पीसी अजून दरवर्षी एकदा साफसफाईला येतो. आता त्यांचा मुलगा घेऊन येतो. मागच्या वेळी कॅपॅसिटर बदलले, थर्मल पेस्ट नवीन लावली, कॉइलवर प्रोब ठेवली, 1.5 आले. आतलं कार्ड खालपर्यंत भरलंय, त्यामुळे शेजारी दुसरं चिकटवलं.