दगड ओला करून पाहावा

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी, पेटोस्की गावाजवळ, दगड शोधणारी माणसं लांबून ओळखू येतात. मान खाली, पाठ वाकलेली, हातात पाणी फवारायची बाटली. समोर एवढं सरोवर असताना बाटली कशाला? पण गोट्यांच्या ढिगात बैठक मारली की दर दगडामागे पाण्यापर्यंत कोण उठून जाणार!

पेटोस्की दगड कोरडा असताना मख्ख दिसतो, नुसता राखाडी चुनखडक. ओला केला की षटकोनांची जाळी उमटते. एकेक षटकोन म्हणजे एकेका प्रवाळजीवाचं घर. मधला काळा ठिपका ही त्याच्या तोंडाची जागा, आणि तिथून कडेकडे गेलेल्या बारीक रेषा हे घरातले पडदे. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी मिशिगन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उबदार उथळ समुद्राखाली होतं, तेव्हाची ही वस्ती. पुढे हिमनद्यांनी खडक फोडला आणि तुकडे दूरवर पांगवले. षटकोन बारीक आणि आत रेषा नाहीत, तर तो शार्लव्हॉय दगड. प्रवाळच, पण वेगळा. भोक पडलेली चिमुकली चकती मिळाली तर ती समुद्रलिलीच्या देठाची. नाव फुलाचं, नातं मात्र तारामाशाशी.

आम्ही सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेलो. नागपूरकडे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात झाडांचे, गोगलगायींचे जीवाश्म मिळतात. पण पुण्याच्या टेकडीवर जन्मभर फिरलं तरी तसलं काही पायाखाली येत नाही. दगड म्हणजे पाटा, जातं, फार तर गडाची पायरी. दगडात जीव शोधायची आमच्या डोळ्यांना सवयच नाही. गंमत अशी की आजीच्या देवघरात शाळिग्राम होता. गंडकीतला तो चक्राचा दगड म्हणजे ॲमोनाइट या शंखवाल्या समुद्रजीवाचा जीवाश्म, पेटोस्कीच्या निम्म्याहूनही कमी वयाचा. आजी त्याला रोज न्हाऊ घालायची, आणि ओलेपणी चक्र कसं ठसठशीत दिसायचं! जीवाश्म बघायची रीत घरातच होती, फक्त हात जोडलेले असायचे.

पेटोस्की १९६५पासून मिशिगनचा राज्य-दगड आहे. सरकारी जमिनीवरून माणशी वर्षाला २५ पौंडच उचलायची मुभा, त्यामुळे निघण्याआधी वाळूत बसून निवडानिवड होते आणि तिथे भांडणं जुंपतात. लेकीला गुळगुळीत हवा, मला ठळक षटकोनांचा. नवऱ्याचं म्हणणं, दोन्ही ठेवा आणि खाऊचा डबा इथेच सोडा.