टबात पडलेली पावलं

साडेतीन महिन्यांच्या बाळाला घेऊन आई आणि आजी माझ्याकडे तपासणीला आल्या. "पहिल्या महिन्यात उभं धरलं की तुरुतुरु पावलं टाकायचा, आता पाय उचलतच नाही." पायातलं बळ गेलं, असं आजींनी मनाशी धरलंच होतं.

आधी त्याला उताणं निजवून लंगोट सोडला. लाथा सुरू झाल्या. एक पाय पोटाशी, दुसरा सरळ, मग उलट; खुबा, गुडघा, घोटा एकदमच वाकत होते. डावं-उजवं सारखं, पायांची कात्री होत नव्हती, मुठी उघडत होत्या. यात काही खटकलं असतं तर पुढे न जाता बालमेंदूतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली असती.

मग टबात त्याच्या छातीला लागेल इतकं पाणी घेतलं, ३६-३७ अंशांचं. पाणी गार असलं की बाळ पाय आखडून घेतं. नुकतंच पाजलेलं असलं तर उलटी करतं. काखांत धरून, मान बोटांनी सावरून, तळवे जेमतेम टबाच्या तळाला टेकतील इतकंच खाली आणलं. खरी मेख इथेच आहे. जरा वर धरलं तर पाय नुसते लोंबतात, जास्त सोडलं तर गुडघे मुडपतात. काही क्षण काहीच नाही. मग उजवा पाय उठला, पुढे पडला, मागोमाग डावा. आजी टबावर वाकून बघतच राहिल्या.

नवजात बाळाची ही पावलं म्हणजे आपोआप होणारी प्रतिक्षिप्त क्रिया. मेंदूचं बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, परिपक्व झालं की ती दबते, अशी मांडणी बालविकासाच्या अभ्यासक मर्टल मॅकग्रॉ यांच्या काळापासून चालत आली. पण १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलेन आणि सहकाऱ्यांनी बाळांचे पाय पाण्यात बुडवले, तर पावलं वाढली. पायांना छोटी वजनं लावली, तर घटली. या वयात पायांवर चरबी भराभर चढते, स्नायूंचं बळ मागे राहतं. उभं धरल्यावर तो जड पाय उचलवत नाही. उताणं असताना तीच हालचाल सोपी जाते. मला हे स्पष्टीकरण फार मोलाचं वाटतं, कारण ते आईच्या डोळ्यांदेखत पडताळता येतं.

"मग पांगुळगाडा काढू का?" आजींनी विचारलं.

आत्ता नको, आजी. जागा असताना दिवसातून तीन-चारदा दोन-तीन मिनिटं पालथं घाला, हळूहळू वेळ वाढवा. धरून स्वतः उभा राहायला लागला की गाडा काढा, आणि तो पुढे पळू नये म्हणून त्यावर थोडं वजन बांधा.