गुलाबाच्या किनारीतलं झुरळ

भाचीच्या पुण्याच्या फ्लॅटवर दुपारी जरा आडवी झाले होते, तर स्वयंपाकघरातून फाटकन आवाज आला. पाठोपाठ दुसरा. उठून पाहते तर भांडी घासायला येणाऱ्या मावशी हातात चप्पल घेऊन उभ्या आणि ओट्यावरच्या भिंतीवर झुरळ जिथल्या तिथे. मरत नाही, पळतही नाही. पळणार कुठे? भाचीनेच ते क्रॉस स्टिचने, म्हणजे फुल्यांच्या टाक्यांनी भरून, भोवती गुलाबांची नाजूक किनार काढून लाकडी रिंगसकट खिळ्याला टांगलं होतं. तपकिरीच्या चार छटा, एकेरी काळ्या दोऱ्याच्या मिशा आणि पंखांवर तेलकट चकाकी दिसावी म्हणून मध्येच एक पिवळट रेघ. उलगडा झाल्यावर मावशींनी चप्पल खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "खरी कमी आहेत का घरात?"

मी रिंग खाली उतरवली आणि आधी उलटी केली. ही माझी जुनी खोड. कुठेही भरतकाम दिसलं की मला त्याची पाठ बघायची असते. लोकांच्या घरी सोफ्यावरचे रुमाल मी बोलता बोलता हळूच परतून पाहते. फ्रेम केलेलं असलं की मात्र काही इलाज चालत नाही.

खोड लावली ती शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी. त्या रुमाल हातात घेतला की पहिल्यांदा उपडा करायच्या. मागे गाठ दिसली की कात्री. गाठ मारायचीच नाही, दोऱ्याचं टोक आधीच्या टाक्यांखालून सरकवायचं. एका फुलाकडून लांबच्या फुलाकडे दोरा ओढत न्यायचा नाही, तिथे कापून इथे नव्याने सुरुवात करायची. आणि प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच बाजूला झुकायला हवा, कारण एखादी जरी फुली उलट पडली तरी उजेडात ती तेवढीच वेगळी दिसते. सुलट बाजू त्या शेवटी बघायच्या, तीही आठवण झाली तर.

शुक्रवारचे शेवटचे दोन तास शिवणाचे. पांढरं मॅटी कापड आणि त्यावर निळे राजहंस. सगळ्या वर्गाचे राजहंसच, कारण बाईंकडे तेवढा एकच नमुना होता. बाहेर मुलगे बागकामाच्या नावाखाली एकमेकांवर पाणी उडवायचे आणि आत आम्ही तोंडातल्या तोंडात हंसाची मान मोजत बसायचो. तीन वर, एक बाजूला, दोन वर. मध्येच कुणी काही विचारलं की मोजणी चुकायची आणि मान पुन्हा मुळापासून. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला या हंसांचा इतका वीट आला, की तिने आपल्या हंसाला काळा चष्मा घातला. साधा, पाच-सहा फुल्यांचा, पण हंस एकदम तालुक्याच्या पुढाऱ्यासारखा दिसायला लागला. आम्ही श्वास रोखून बसलो. बाईंनी रुमाल उपडा केला, नखाने पाठ खरवडली, पुन्हा सुलटा केला, चष्मा पाहिला आणि म्हणाल्या, "पाठ स्वच्छ आहे." चष्मा पास झाला.

भाचीच्या झुरळाचीही पाठ स्वच्छ होती. मग आणखी काय हवं?

ती म्हणते, आता सगळीकडे असंच भरतात. जंतू, कवट्या, शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं हृदय आणि जुन्या व्हिडिओ गेममधली पात्रं. ती पात्रं तर चौकोनांचीच बनलेली असतात, म्हणजे नमुना आयताच हातात. वेलबुट्टीच्या चौकटीत सुवाच्य अक्षरांत काहीतरी खवचट लिहायचं, हाही प्रकार जोरात आहे. टेक्सासमधल्या एका बाईंनी 2003 साली नोकरीतल्या वैतागापायी असले नमुने भरायला घेतले आणि पुढे त्यांचा तो धंदाच झाला. भाची हे सगळं मला अशा थाटात सांगत होती, जणू आमच्या पिढीला विनोद माहीत नव्हता.

तिला मी माझ्या काकूचे अभ्रे सांगितले. त्या काळी घराघरात उशांवर 'गुड नाइट' आणि 'स्वीट ड्रीम्स' असायचं. ज्या घरात इंग्रजीचं अवाक्षर कुणी बोलत नसे, तिथेही. त्याचं कारण साधं. नमुन्यांच्या पुस्तकात एबीसीडी चौकटींवर तयार मिळायची, बाराखडी मिळत नसे. मराठी लिहायचं तर आलेखाच्या वहीवर स्वतः चौकोन रंगवत बसा. शिरोरेषा सुतासारखी सरळ येते, 'ग' आणि 'म' निमूट बसतात, पण 'ळ' काढून बघा कुणीतरी. दोन वाटोळी पोटं चौकोनांत बसवताना त्याचा एकतर डबा होतो नाहीतर चष्मा. 'ह' तर मी अजून समाधानकारक पाहिलेला नाही. 'श्री' जमते, पण तिला जागा फार लागते. काकूने पदरचे कष्ट घेऊन दाराच्या तोरणावर 'सुस्वागतम्' भरलं, तेव्हा 'ग'पाशीच कापड संपत आलं. 'तम्' तिने खालच्या ओळीत घेतलं, बाजूला एक पोपट बसवून जागा भरली आणि पाहुण्यांना ते मुद्दाम केल्यासारखं दाखवलं.

तर अभ्रे. काकूने रुखवतात ठेवायला जोडी भरली होती. एका उशीवर, रीतीप्रमाणे, गुलाबाच्या दोन कळ्या आणि 'गुड नाइट'. दुसऱ्या उशीवर तशाच कळ्या, तोच रंग, तीच अक्षरं आणि 'लाइट बंद करा'. वरपक्षाकडच्या बायकांनी रुखवत बघताना ती उशी हातोहात फिरवली म्हणतात. काकांना रात्री वाचत पडायची सवय आहे, हे तिला लग्नाआधी कुणी सांगितलं होतं, ते शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

पण मुद्दाम केलेल्या विनोदापेक्षा गंभीरपणे भरलेले नमुने मला जास्त हसवतात. सांगलीत आमच्या समोरच्या वाड्यात दिवाणखान्यात हॉलंडची पवनचक्की होती, शेजारी लाकडी बूट घातलेली मुलगी आणि ट्युलिपची रांग. भरणाऱ्या आजी मिरजेच्या पलीकडे क्वचित गेलेल्या. त्या पवनचक्कीला त्या मोठा पंखा म्हणायच्या. (आता साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लागलीय, पण ट्युलिप अजून आलेले नाहीत.) हे सगळं युरोपातून चौकटीच्या कागदावर बसून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हाताने रंगवलेले चौकटीचे नमुने छापून विकायला लागले आणि मग बायकांनी लोकरीने पोपट, फुलांच्या परड्या आणि गुबगुबीत गाद्यांवर लोळणारी लांब कानांची कुत्री भरभरून काढली. आपल्याकडे भरतात ते टोपलीतलं मांजर त्याच घराण्यातलं असावं. आमच्याकडे कुत्र्याला ओसरीच्या वर प्रवेश नव्हता, पण भिंतीवर फ्रेममध्ये तो गादीवर बसलेला चालायचा.

उलट्या दिशेनेही गंमत झालेली आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक या बाईंचा 1598 सालचा नमुन्याचा कपडा (टाके आणि चित्रं नमुन्यादाखल भरून ठेवलेला) आहे. त्यावर साल भरलेलं आहे, आणि असं साल असलेल्या ब्रिटिश कापडांत तो सर्वांत जुना. ॲलिस ली नावाची मुलगी 23 नोव्हेंबर 1596 ला, मंगळवारी दुपारी जन्मली, असं त्यावर भरून ठेवलंय. त्याच कापडावर वरच्या बाजूला काही चित्रं भरून पुन्हा उसवलेली आहेत. दोरा गेला तरी टाक्यांच्या खुणा राहिल्या. त्यातली एक खार आहे दाणा फोडणारी आणि दुसरा हत्ती, पाठीवर चक्क किल्ला घेतलेला! ॲलिस लीच्या शेजारी हत्ती शोभत नाही असं कुणाला तरी वाटलं असणार. मला त्या हत्तीचं फार वाईट वाटतं.

माझ्या आजीच्या इरकली लुगड्यावरचा हत्ती असा उसवला जाणं शक्य नव्हतं. माहेर धारवाडकडचं, त्यामुळे हातात कसुती, म्हणजे तिकडचं धागे मोजून करायचं भरतकाम. कागद नाही, छाप नाही, कापडावर पेन्सिलची रेघसुद्धा नाही. काळ्या चंद्रकळेचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई घालायची. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, पाळणा, अंबारीचा हत्ती. कसुतीच्या चार टाक्यांपैकी गवंती आणि मुर्गी दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, त्यामुळे माझ्या खोडीला तिथे वावच नाही. पाठ बघायला लुगडं उलटावं तर तिकडेही हत्ती. नेगी म्हणजे धावदोऱ्यासारखा विणकरी टाका, आणि चौथा मेंथी, मेथीच्या दाण्यासारखा. तीच आपली फुली. आजी मेंथी कमी वापरायची, म्हणायची दोरा फार खातो. आणि तिच्या पदरावर गोपुर आणि रथ यांच्यामध्ये एक कपबशी होती. कसुतीच्या कुठल्याही परंपरेत कपबशी नाही. मोजून भरलेली, कानासकट. आम्ही विचारलं की ती म्हणायची, "रथ ओढून दमलेत ते. चहा नको?"

शहाणपणाने विनोद करणाऱ्या माणसांत मला सगळ्यांत मोठा वाटतो तो अलेक्सिस कॅसडॅग्ली नावाचा ब्रिटिश मेजर. दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावर पकडला गेला, जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पडला. वेळ जाता जाईना म्हणून 1941 च्या डिसेंबरात त्याने कॅनव्हासच्या तुकड्यावर क्रॉस स्टिच सुरू केलं. दोरा कुठला, तर एका म्हाताऱ्या क्रीटन जनरलच्या उसवत चाललेल्या स्वेटरचा. मध्ये नाव-गाव, तारीख, छावणी, सगळं सभ्य आणि भोवती ठिपके आणि रेघांची किनार. जर्मन अधिकाऱ्यांना ते काम इतकं आवडलं की चार वेगवेगळ्या छावण्यांत त्यांनी ते कौतुकाने भिंतीवर मांडलं. किनार मोर्स कोडमध्ये होती. एका ओळीत 'देव राजाचं रक्षण करो' आणि दुसरीत हिटलरला उद्देशून जे होतं, ते मराठीत छापताना आपणही फुल्याच घालतो. मेजरसाहेबांनी नंतर मुलालाही भरतकाम शिकवलं.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला. मग कपाटातून तिची चालू रिंग काढली. गोकर्णीच्या वेलाची सुरेख निळी किनार आणि आत 'हे एका ईमेलात झालं असतं'. साहेबांवर राग होता म्हणे, मीटिंगा लावतात. मी विचारलं, किती दिवस झाले भरतेयस? तर गणपतीच्या आधीपासून. चौदाचं कापड म्हणजे एका इंचात चौदा चौकोन, चौरस इंचात 196 फुल्या, आणि प्रत्येक फुलीला सुई दोनदा वर आणि दोनदा खाली. अशा रीतीने माणूस कुणावर राग धरू शकतो का? तिलाही धरता आलेला नाही. 'झालं असतं'पर्यंत येईतो त्या साहेबांची बदली झाली आणि निरोपसमारंभाला हीच हुंदके देत होती. आता वाक्य पुरं करायचं का फक्त गोकर्णी ठेवायची, यावर तिचं अडलंय. मी म्हटलं, पुरं कर. नवे साहेब येतीलच.

मला न आवडणाऱ्या गोष्टीही सांगून टाकते. तयार डब्यात कापड, सुई, दोरे आणि छापील विनोद असं सगळं मिळतं, ते मला आवडत नाही. दुसऱ्याचा विनोद महिनाभर आपण का भरायचा? आणि कॉम्प्युटरला फोटो दिला की तो साठ-सत्तर रंगांचा नमुना काढून देतो, त्यातून लोक स्वतःच्या लग्नाचे फोटो भरतात, तेही नको. नवरीच्या गालावरच सतरा गुलाबी. दुरून फोटो दिसतो आणि जवळून पुरळ.

लंडनच्या त्याच म्युझियमच्या संग्रहात आणखी एक कापड आहे, त्याच्याबद्दल भाचीशी बोलले नाही. एलिझाबेथ पार्कर, इंग्लंडच्या ससेक्समधली कामवाली पोरगी. साधारण 1830 सालचं. फूल नाही, पक्षी नाही, किनार नाही. नुसत्या लाल रेशमाच्या बारीक फुल्यांनी ओळीमागून ओळ अक्षरं. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून हे असं मांडते आहे, अशी सुरुवात करून तिने सगळं भरलंय. ज्या घरी कामाला होती तिथे काय सोसलं, जीव द्यावा असं कसं वाटलं, देवाचं भय. शेवटी माझ्या आत्म्याचं काय होणार, एवढं विचारून टाके वाक्याच्या मध्येच थांबतात आणि खाली कापड कोरं आहे. शाळेत अक्षरांचे नमुने शिकवले जायचे ते मुलीने सासरी चादरींवर खुणा घालाव्यात म्हणून. तिने त्या अक्षरांचं हे केलं.

ती त्यातून तरली. शाळेत मुलांना शिकवू लागली आणि 76 वर्षांची होऊन गेली. त्या सगळ्या ओळींत फुल्यांचे वरचे पाय एका दिशेला आहेत का, हे मी फोटो मोठा करकरून पाहत असते. पाठ काही बघायला मिळत नाही. म्युझियमवाले बापडे सुलट बाजूच दाखवतात.