असईचा वेलस्ली कोपनहेगनमध्ये भेटला

पंचवीसेक वर्षं झाली असतील. तेव्हा मी ग्रुप टूर घेऊन युरोपात जायचो, टूर मॅनेजर म्हणून, आणि ज्यांना हे काम म्हणजे फुकटात फॉरेन वाटतं त्यांना एकदा बसभर मराठी ज्येष्ठ नागरिक, त्यांच्या बॅगा, गोळ्या आणि "इथे दही मिळेल का हो" हे सगळं बरोबर देऊन एका दिवसात एक राजधानी उरकायला लावली पाहिजे. असो. स्कँडिनेव्हियाची टूर होती, सप्टेंबर महिना, दिवसभर कोपनहेगन आणि संध्याकाळी ऑस्लोची बोट. लोकल गाइड साडेआठला हॉटेलच्या लॉबीत येणार होती. नऊ वाजले, सव्वानऊ झाले, कोणाचाच पत्ता नाही. मुंबईला फोन लावला तर ऑफिसने बुकिंग भलत्याच तारखेचं करून ठेवलेलं. बरं मग दुसरी गाइड बघा म्हटलं, तर रिसेप्शनवरची मुलगी हसायलाच लागली, म्हणाली आज? आज अख्ख्या शहरात गाइड मिळणार नाही, गोल्डन डेज चालू आहे.

हा गोल्डन डेज म्हणजे कोपनहेगनचा सप्टेंबरमधला मोठा फेस्टिवल. १९९४ ला सुरू झाला, पुढे त्यात बाकीचे विषयही आले, पण सुरुवातीला सगळा भर एकाच काळावर होता, साधारण १८०० ते १८५०, ज्याला डॅनिश लोक आपल्या कलेचा सुवर्णकाळ म्हणतात. चित्रं, शिल्पं, बॅले, संगीत, साहित्य, सगळं त्या पन्नास वर्षांतलं, आणि ते म्युझियमपुरतं नाही, चर्चमध्ये, थिएटरात, रस्त्याने फिरत फिरत. जो कोणी शहराचा इतिहास सांगू शकतो तो त्या दिवसांत बिझी. तिने मला फेस्टिवलचं जाडजूड प्रोग्रॅम बुक हातात ठेवलं आणि गुड लक म्हणाली.

आदल्या रात्री मी थोडंफार वाचून ठेवलेलं होतं, ते कायमच करायचो, कारण बसमध्ये माइक हातात असला की गप्प बसता येत नाही. त्यामुळे म्हटलं चला, आज आपणच गाइड. मर्मेड, म्हणजे जलपरीचा तो पुतळा, बघून घेतली, तिथे नेहमीचं झालं, "एवढीशीच?" सव्वा मीटर उंचीची आहे ती, १९१३ साली बसवलेली, आणि दर ग्रुपमध्ये कोणीतरी हे म्हणतंच. मग ड्रायव्हरने आम्हाला कोंगेन्स न्यूतोर्व्ह या मोठ्या चौकात सोडलं आणि तो ब्रेकवर गेला. युरोपात ड्रायव्हरच्या तासांचे नियम कडक असतात, गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्राची चकती तेव्हा सगळं नोंदवायची, ड्रायव्हरच्या पाया पडलात तरी तो गाडी हलवत नाही. म्हणजे आता सगळं पायी.

चौकात एका बाजूला शार्लोटनबोर्ग आहे, १७५४ पासूनची आर्ट अकॅडमी. समोर रॉयल थिएटर. कोपऱ्यावरून न्यूहाउन सुरू होतं, ते रंगीत घरांचं कालव्यावरचं, कॅलेंडरवर असतं ते. तिथल्या २० नंबरच्या घरात अँडरसन राहायचा तेव्हा त्याच्या परीकथांचं पहिलं पुस्तक आलं, १८३५ साली. हे सांगताना मी बघत होतो की लोकांचं लक्ष नाहीये, दोघंतिघं तर आइसक्रीमच्या लाइनमध्ये. मग मी जरा गॉसिप काढलं. म्हटलं तेव्हा हे शहर तटबंदीच्या आत होतं, लाख-सव्वालाख वस्ती, रात्री वेशी बंद व्हायच्या, त्यामुळे सगळे मोठे लोक एकमेकांना रोज रस्त्यात भेटायचे आणि एकमेकांबद्दल बोलायचे. तत्त्वज्ञ किर्केगार्द, त्याचं १८३८ मधलं पहिलंच पुस्तक हे अँडरसन कादंबरीकार म्हणून कसा कच्चा आहे हे सांगायला लिहिलेलं. त्यावर एक काकू म्हणाल्या, "म्हणजे सदाशिव पेठच की." हशा झाला आणि आइसक्रीमवाले परत आले.

मग बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांनी विचारलं की अहो हे सुवर्णकाळ सुवर्णकाळ चाललंय सकाळपासून, म्हणजे तेव्हा हे फार श्रीमंत होते का? हा प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तर नेमकं उलटं आहे. म्हटलं काका, दिवाळं वाजलं होतं यांचं. १८०१ मध्ये नेल्सन येऊन आरमार ठोकून गेला. १८०७ मध्ये इंग्रज परत आले, नेपोलियनच्या हातात डॅनिश जहाजं पडतील या भीतीने, आणि २ ते ५ सप्टेंबर तीन रात्री शहरावर तोफा आणि रॉकेटं टाकली, मग सगळं आरमार घेऊन गेले. १८१३ ला सरकार दिवाळखोर, त्यांचं तेव्हाचं चलन डालर, जुने सहा द्या आणि नवा एक घ्या. १८१४ ला नॉर्वे गेलं, जिथे आज रात्री आपण बोटीने निघणार तेच नॉर्वे. काकांचे डोळे चमकले. सहाला एक? मग त्यांनीच माझ्याकडून सूत्रं घेतली आणि १९७८ ची नोटाबंदी, हजार-पाच हजार-दहा हजारच्या नोटा, काउंटरवरची गर्दी, असं सगळं सांगत सुटले, आम्ही स्ट्रॉएट नावाच्या रस्त्यावरून चालतोय आणि पुढे बँकेतले काका आणि त्यांच्या मागे अर्धा ग्रुप.

खरी मजा पुढे. व्हॉर फ्रू किर्के म्हणजे तिथलं मुख्य चर्च. १८०७ मध्ये इंग्रज गोलंदाजांना नेम धरायला याचाच मनोरा सोयीचा पडला, तो जळून कोसळला. आत्ताचं चर्च नंतरचं, १८२९ चं. रॉकेट म्हणजे कॉन्ग्रीव्हची रॉकेटं, आणि कॉन्ग्रीव्हने ती टिपूच्या म्हैसुरी रॉकेटांवरून बनवलेली, श्रीरंगपट्टण पडल्यावर नमुने विलायतेला गेले होते. हे मी सांगितलं आणि जोडीला सहज म्हणालो की त्याच मोहिमेत ऑगस्टच्या शेवटी क्योगेला जी लढाई झाली, काल आपण फेरीवरून उतरून ज्या क्योगेजवळून आलो तिथे, तिचा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली.

आमच्या ग्रुपमध्ये भोकरदनकडचे एक अण्णा होते. टूरभर अजिबात बोलायचे नाहीत, बसमध्ये खिडकीशी बसायचे, मुलाने तिकीट काढून दिलं म्हणून आलोय एवढंच सांगायचे. ते एकदम पुढे आले. "कोणता वेलस्ली? असईचा?"

म्हटलं हो अण्णा, तोच.

"आमच्याकडं असई हाय," ते सगळ्यांना सांगायला लागले, "१८०३. शिंदे-भोसल्यांचं लष्कर होतं. जुई आन् केळनेच्या मधी. त्यानं नदी उतरून हल्ला केला, आमच्या तोफांनी त्याची माणसं लय मारली पण शेवटी त्योच जिकला." आणि मग एकदम थांबून, चर्चच्या त्या पांढऱ्या खांबांकडे बघत, "अन् चार वर्षांनी हितं आला व्हय रे."

मी पुढचं सांगितलं, की पुढे वॉटर्लूला वेलस्ली, म्हणजे तेव्हाचा वेलिंग्टन, ज्या घोड्यावर बसला होता त्या घोड्याचं नाव कोपनहेगन होतं, याच मोहिमेवरून ठेवलेलं. यावर अण्णा जे हसले ते मला अजून आठवतं. नंतर दिवसभर भेटेल त्याला ते घोड्याचं सांगत होते.

आत चर्चमध्ये थोरवाल्डसेनचा ख्रिस्त आहे, हात पसरून उभा, दोन्ही बाजूंना बारा शिष्य, सगळं संगमरवरी. हा थोरवाल्डसेन लाकूड कोरणाऱ्या आइसलँडर बापाचा मुलगा, अकराव्या वर्षी त्या शार्लोटनबोर्गच्या अकॅडमीत गेला आणि पुढे चाळीसेक वर्षं रोममध्ये राहिला. तिथून पंधरा मिनिटांवर त्याचं म्युझियम, १८४८ ला उघडलेलं, बिंडेसबोलने बांधलेलं, बाहेरून पिवळंधमक. माझ्या मते कोपनहेगनमधली सगळ्यात भारी गोष्ट ही या म्युझियमची बाहेरची भिंत आहे, आणि तिचं तिकीटही नाही. योर्गन सोनने तिच्यावर १८३८ मधला थोरवाल्डसेनचा परतीचा सोहळा काढलाय, रंगीत सिमेंट भिंतीत बसवून. बंदरात होड्याच होड्या, लोक टोप्या हलवतायत, आणि दुसऱ्या बाजूला त्याचे पुतळे हमाल ओढून नेतायत, दोर ताणलेले, अंग वाकलेलं, पुढचा मागच्याला काहीतरी ओरडतोय. राजेमहाराजे नाहीत, हमाल! लोकांनी त्या दिवशी त्याच्या गाडीचे घोडे सोडून गाडी स्वतः ओढली होती. आणि त्याची कबर आत म्युझियमच्याच अंगणात. १८४४ मध्ये रॉयल थिएटरात नाटक बघायला गेला आणि खुर्चीतच गेला.

आत सगळे पुतळे उघडे, त्यामुळे काही काकू छताची नक्षी फार मन लावून बघत होत्या. छत सुंदर आहे तसं, प्रत्येक खोलीचं वेगळं. बँकेतल्या काकांना मात्र तिथे दुसरं घबाड सापडलं. ग्रीक पुराणातल्या जेसनचा मोठा पुतळा. होप नावाच्या श्रीमंत इंग्रजाने १८०३ ला ऑर्डर दिली, ॲडव्हान्स दिला, त्या पैशावर थोरवाल्डसेनला रोममध्ये राहता आलं, आणि पुतळा पोचला १८२८ ला. काका म्हणाले पंचवीस वर्षं? हा एनपीए आहे हो, सरळ एनपीए.

दुपारी बस परत मिळाली. निम्मे लोक शॉपिंगला सोडले, उरलेल्यांना घेऊन मी नॅशनल गॅलरीत गेलो, गाइडचे म्हणून दिलेले क्रोनर शिल्लक होतेच, त्यात तिकिटं बसली. आत आल्यावर मात्र माझं वाचन संपलं. चित्रकलेतलं मला काही कळत नाही. पण ग्रुपमध्ये ड्रॉइंगच्या एक रिटायर्ड बाई होत्या, तीस-पस्तीस वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेल्या, आणि त्या एकर्सबर्गच्या एका चित्रापुढे जाऊन ज्या उभ्या राहिल्या त्या हलेचनात. रोमचं कोलोसियम, वरच्या मजल्याच्या तीन कमानी, आणि कमानींतून दिसणारं शहर. चित्र फूट-दीड फुटाचं. १८१५-१६ चं. बाई कधी डावीकडे सरकतायत, कधी उजवीकडे, हाताने आडवी रेघ धरतायत. मग म्हणाल्या, "हे खोटं आहे."

म्हटलं काय खोटं?

"आय लेव्हल तिन्ही कमानींत एक ठेवलीय, पण एका जागी उभं राहून तिन्ही कमानींतून हे असं दिसणारच नाही. मधल्यातून दिसेल तर बाजूच्यातून भिंतीची जाडी आडवी येईल. हा माणूस तीनदा जागा बदललाय आणि एकच चित्र केलंय. काय हुशार आहे हो!" खोलीत बसलेल्या अटेंडंटला मी विचारलं, तर तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला, म्हणाला मॅडमचं बरोबर आहे, तीन वेगळे व्ह्यू आहेत. मग त्याने सांगितलं की एकर्सबर्ग अकॅडमीत प्रोफेसर झाल्यावर पोरांना घेऊन बाहेर उघड्यावर रंगवायला न्यायचा, १८४१ मध्ये पर्स्पेक्टिव्हवर पुस्तकच लिहिलं, आणि रोज डायरीत हवामान लिहायचा. वारा कुठला, ढग कसे. बाई मला म्हणतात, त्याला सांगा, आमच्याकडे मुलं ढग म्हणजे कापूस काढतात, गुण कापावे लागतात. मी जमेल तसं इंग्रजी केलं.

मग क्योब्केचं एक चित्र, १८३८ चं. तळ्याकाठी लाकडी धक्का, त्यावर दोन बायका, डॅनिश झेंडा, संध्याकाळ, लांबून एक होडी येतेय. बस. बाकी काही घडत नाही. हे तळं म्युझियमपासून चालत जाण्याएवढं जवळ. क्योब्केला अकॅडमीने मेंबर करून घेतलं नाही, सदतिसाव्या वर्षी गेला. बाई म्हणाल्या की दिवाळं निघाल्यावर मोठाली चित्रं कोण घेणार, घरात टांगायची चित्रं काढायची तर घराजवळचंच काढावं लागतं ना. अटेंडंटही काहीसं तेच सांगत होता, राजदरबारापेक्षा मध्यमवर्ग चित्रं घ्यायला लागला म्हणून. बँकेतले काका मान डोलवत होते, सहाला एक, सहाला एक.

बोट मिळाली, अगदी शेवटच्या बॅगेसकट. टूर संपल्यावर फीडबॅक फॉर्ममध्ये एकाने लिहिलं की मर्मेड लहान आहे, कंपनीने लक्ष घालावं.

दोन महिन्यांनी ऑफिसात अण्णांचा फोन. नातवाच्या शाळेत घोड्याचं सांगितलं तर इतिहासाचे मास्तर म्हणतात घोड्याला कोण शहराचं नाव ठेवतं, पुरावा दाखवा. मी लायब्ररीतून वेलिंग्टनच्या चरित्राचं ते पान झेरॉक्स करून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पोचल्याची सही अण्णांची आली. मास्तरांचं काय झालं ते काही कळलं नाही.