लग्न लागलं पॉवेलला, नोंद कोलंबसला

ओहायोत लग्न करायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, राज्य सरकारचं एखादं ऑफिस असेल, तिथे अर्ज करायचा, फी भरायची, झालं. तसं नाही. इथे लग्नाचं लायसन्स देतं काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) प्रोबेट कोर्ट, लग्न झाल्यावर नोंद ठेवतं तेच, आणि पन्नास वर्षांनी प्रत लागली तर तीही तिथूनच घ्यायची. राज्याच्या आरोग्य खात्याकडे जन्म-मृत्यूचे दाखले मिळतात, पण लग्नाच्या दाखल्याची सर्टिफाइड कॉपी नाही. राज्यात ८८ काउंट्या, म्हणजे ८८ ठिकाणची दप्तरं. आपली नोंद नेमक्या कुठल्या दप्तरात आहे, हे ज्याला माहीत त्याचं काम चुटकीसरशी होतं. बाकीच्यांचं काय होतं ते काकूंच्या बाबतीत पाहिलं, ते पुढे सांगते.

प्रोबेट कोर्ट म्हणजे मृत्युपत्रं, वारसा, पालकत्व, दत्तक असल्या कामांचं कोर्ट. ओहायोच्या १८५१च्या राज्यघटनेने ते आणलं आणि लग्नाचं कामही त्याच्याकडे आलं. माझ्या बाबांना हे अजून पटलेलं नाही. “मृत्युपत्राच्या कोर्टात लग्नाचा परवाना? मुहूर्त तरी बघून गेलात का?” असं त्यांनी फोनवर विचारलं होतं.

तर पहिला प्रश्न, कुठलं कोर्ट? दोघांपैकी एक जण जरी ओहायोचा रहिवासी असेल तर तो ज्या काउंटीत राहतो तिथेच अर्ज करायचा. दोघंही राज्याबाहेरचे असतील तर जिथे विधी होणार त्या काउंटीत. मी कोलंबसला, नवरा तेव्हा सिनसिनाटीला, म्हणजे फ्रँकलिन किंवा हॅमिल्टन, दोन्ही चाललं असतं. माझ्या घराजवळचं म्हणून आम्ही फ्रँकलिन धरलं. पण कोलंबसच्या आसपास राहणाऱ्यांनी जरा थांबून बघावं. पत्त्यात ‘कोलंबस’ आहे म्हणजे काउंटी फ्रँकलिनच, असं नाही. पोलारिसच्या बाजूला शहर डेलावेअर काउंटीत शिरलंय. आणि आपली माणसं जिथे खंडीभर राहतात ते डब्लिन तर तीन काउंट्यांत विभागलंय: फ्रँकलिन, डेलावेअर आणि युनियन. रस्त्याच्या अलीकडचे कोलंबसच्या कोर्टात आणि पलीकडचे मेरीसव्हिलला, होंडाच्या कारखान्याच्या गावी, असंही होऊ शकतं. काउंटी ऑडिटरच्या साइटवर घराचा पत्ता टाकला की खरं काय ते कळतं. सुट्टी टाकायच्या आधी हे करावं, कारण अर्जाला दोघांनाही जातीने हजर राहावं लागतं. एकाने जाऊन दुसऱ्याची सही नंतर आणतो म्हटलं तर चालत नाही.

फॉर्म आम्ही आधी ऑनलाइन भरून ठेवला. नाव, वय, राहण्याचं ठिकाण, जन्मगाव, व्यवसाय, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आडनाव. सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर तो. आधी लग्न झालेलं असेल तर त्या जोडीदाराचं नाव, आणि घटस्फोट झाला असेल तर कुठल्या कोर्टाचा, कुठल्या तारखेचा, केस नंबर काय, हे सगळं. नवऱ्याला आईचं माहेरचं आडनाव इंग्रजीत कसं लिहायचं ते आठवेना. साताऱ्याला फोन लावला, तर सासूबाईंनी आडनाव सांगून वर मामांच्या घरची सगळी ख्यालीखुशालीही ऐकवली.

नावाच्या रकान्यावर मात्र मी बराच वेळ घालवला आणि तो वाया गेला असं वाटत नाही. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाला चिकटून वडिलांचं नाव असतं. इथल्या फॉर्मला पहिलं, मधलं आणि शेवटचं असे तीन कप्पे. काही जण मधलं नाव गाळून टाकतात, कारण ऑफिसात ते वापरत नाहीत. पुढे हाच दाखला पासपोर्टवर नवऱ्याचं नाव घालायला जातो, ग्रीन कार्डाच्या फाइलला लागतो, भारतातल्या बँकेत जातो, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर लावून बघतो. म्हणून पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट.

फ्रँकलिन काउंटीचं प्रोबेट कोर्ट साउथ हाय स्ट्रीटवरच्या ३७३ नंबरच्या इमारतीत, २२व्या मजल्यावर आहे. खाली विमानतळासारखी तपासणी. वर खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट पाहिले, स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि स्पेलिंग वाचायला लावलं. आम्ही दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, उजवा हात वर करा. अर्जातली माहिती खरी आहे, दोघांपैकी कुणाचंही सध्या लग्न झालेलं नाही, आणि दोघं सेकंड कझिनपेक्षा (म्हणजे चुलत-मामे भावंडांच्या मुलांचं आपसातलं नातं) जवळचे नातेवाईक नाहीत, अशी शपथ. मी हात वर केला खरा, पण हसू आवरेना. आमच्याकडे निम्म्या घरांत मामाची मुलगी केलेली आहे. हिंदू विवाह कायदाही रूढी असेल तिथे ते चालवून घेतो. ओहायोत मात्र मामेबहीण-आतेभाऊ असं लग्न लागत नाही, म्हणजे माझ्या आजी-आजोबांना त्या खिडकीवरून परत पाठवलं असतं.

शपथेवरून आणखी एक. भारतात लग्न करून आलेली काही जोडपी, ‘इथला कागद असलेला बरा’ म्हणून पुन्हा इथे लायसन्स काढायला निघतात. त्यांनी त्या शपथेचा विचार करावा. लग्न महाराष्ट्रात झालंय ना, मग १९९८च्या कायद्याखाली तिथल्याच विवाह निबंधकाकडे, महापालिकेत नाहीतर ग्रामपंचायतीत नोंद होते, आणि तोच दाखला इथे चालतो.

लायसन्स हातात तिथल्या तिथे मिळालं. बाबांचा पुढचा प्रश्न, “नोटीस कुठे लावली?” त्यांच्या डोक्यात स्पेशल मॅरेज अॅक्टची ३० दिवसांची नोटीस होती. ओहायोत नोटीस नाही, थांबणं नाही, रक्ताची तपासणी नाही, साक्षीदारसुद्धा लागत नाहीत. तीन साक्षीदारांची जमवाजमव करायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे फारच सैल वाटतं. मुदत मात्र घट्ट आहे. लायसन्स ६० दिवस चालतं. तेवढ्यात विधी झाला नाही तर नव्याने अर्ज आणि नव्याने फी. हॉलची तारीख पक्की झाल्याशिवाय घाईने काढून ठेवू नये, एवढंच.

आमचा विधी पॉवेलच्या भारतीय हिंदू मंदिरात ठरला होता. पॉवेल डेलावेअर काउंटीत. लायसन्स फ्रँकलिनचं, चालतं ना? चालतं. रहिवाशांना लायसन्स आपल्या काउंटीतूनच घ्यावं लागतं, लग्न राज्यात कुठेही लावा. फक्त लावणारा माणूस ओहायोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे राज्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदलेला हवा (न्यायाधीश, मेयर यांची गोष्ट वेगळी). आईची फार इच्छा होती की पुण्याहून आलेल्या माझ्या मोठ्या काकांनी लग्न लावावं. त्यांनी मंगलाष्टकं म्हटली, अंतरपाटही धरला, पण कोर्टाच्या कागदावर सही मंदिरातल्या गुरुजींची. त्यांची नोंदणी आहे का हे मी साखरपुड्याआधीच विचारलं होतं. गुरुजींना यात काही नवल वाटलं नाही, त्यांनी लगेच कागद काढून दाखवला.

इथून पुढे लोकांचा गोंधळ होतो. लायसन्स म्हणजे लग्नाचा दाखला नव्हे, ती नुसती परवानगी. लग्न लावणाऱ्याने त्यावरचा भाग भरून, सही करून ३० दिवसांत ज्या कोर्टाने ते दिलं त्या कोर्टाला परत पाठवायचा असतो. तो पोहोचला की नोंद पूर्ण. लग्नात फोटो काढायला जो सोनेरी कडांचा, घंटा-फुलांचा कागद देतात तो फ्रेम करून लावायला छान, सरकारी कामाला शून्य. मी दोन आठवड्यांनी कोर्टात फोन करून कागद आलाय ना विचारलं, आणि सर्टिफाइड कॉप्या मागवल्या. त्यांवर कोर्टाचा उठावदार शिक्का असतो, बोट फिरवलं की कळतो. एकीवर सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा यासाठीचं प्रमाणपत्र, करून घेतलं. भारत २००५पासून अपॉस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात आहे, त्यामुळे तेवढं केलं की तिकडे वेगळ्या साक्षांकनाची गरज राहत नाही. अपॉस्टिल साध्या झेरॉक्सवर मिळत नाही, सर्टिफाइड कॉपीच द्यावी लागते.

आमचं सरळ पार पडलं. त्याच सुमारास काकूंचा फोन आला.

काकू म्हणजे नात्यातल्या नव्हेत, मंडळातल्या. वय सत्तरीच्या पुढे. काका त्या वर्षी गेले, आणि सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसने विधवा म्हणून मिळणाऱ्या पैशांसाठी लग्नाचा पुरावा मागितला. त्यांना झेरॉक्स चालत नाही, नोटरी केलेली प्रतही नाही. मूळ कागद हवा, नाहीतर ज्या कचेरीने दिला तिची सर्टिफाइड कॉपी. मूळ कागद घर बदलताना कुठेतरी गहाळ झालेला. लग्न सत्तरच्या दशकात क्लीव्हलंडला झालेलं, एका मित्राच्या घरी. पुतण्याने इंटरनेटवरच्या एका खाजगी साइटला पैसे भरले, त्यांनी ‘नोंद सापडत नाही’ एवढं कळवून पैसे ठेवून घेतले. मग मी क्लीव्हलंडच्या कायाहोगा काउंटीच्या प्रोबेट कोर्टाच्या साइटवर स्वतः शोधून पाहिलं. काकांचं आडनाव, काकूंचं माहेरचं आडनाव, काकूंचं माहेरचं पहिलं नाव, कारण लग्नात ते बदललं होतं. आडनावातला ‘व’ आधी व्हीने, मग डब्ल्यूने. काहीच नाही.

काकूंना विचारलं, लग्नाच्या वेळी काका राहायचे कुठे? म्हणाल्या, अॅक्रनला, युनिव्हर्सिटीत पॉलिमरमध्ये पीएच.डी. करत होते. आणि तुम्ही? मी तर महिन्याभरापूर्वीच आले होते, त्यांच्या प्रोफेसरांच्या घरी राहत होते, अॅक्रनलाच.

मग लग्न क्लीव्हलंडला लागलेलं असलं तरी लायसन्स अॅक्रनच्या समिट काउंटीचं असणार. समिटच्या प्रोबेट कोर्टाला पत्र लिहिलं: दोघांची त्या वेळची नावं, पर्यायी स्पेलिंग, लग्नाचं अंदाजे वर्ष, फीचा मनी ऑर्डर आणि काकूंचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. फी किती ते आधी फोन करून विचारावं, प्रत्येक काउंटीची वेगळी असते. नोंद निघाली. आडनाव डब्ल्यूने टाइप केलेलं होतं.

पाकीट आलं तेव्हा मी काकूंकडे होते. कागदावर अर्जातले सगळे रकाने होते. काकांच्या व्यवसायापुढे ‘विद्यार्थी’. काकूंनी चष्मा लावून आपली ओळ वाचली आणि भडकल्या. “माझ्यापुढे ‘काही नाही’ लिहिलंय! मी तेव्हा एम.एस्सी. होते, रुईयात शिकवून आले होते. हे कुणी सांगितलं असेल? ह्यांनीच.” दुरुस्त करता येईल का, विचारत होत्या. मी म्हटलं, त्याच कोर्टात वेगळा अर्ज करावा लागेल.

“कर,” त्या म्हणाल्या. “पण आधी पेन्शनचं बघू.”