बैलगाडीवरचा उपग्रह आणि आमचा गाळा

धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या भांडुपच्या आमच्या गाळ्यात शिरलात की हजेरीच्या वहीच्या वरच एक जुना फोटो दिसेल, बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचा. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, "ताई, हा इथे कशाला? इस्रोच्या एवढाल्या मोहिमा, हजारो माणसं, सरकारचा पैसा. त्यातून नऊ माणसांच्या मशीनशॉपनं काय शिकायचं?" परवा मुलुंडला, धंदा सुरू करू पाहणाऱ्या मुलामुलींशी बोलायला गेले होते, तिथेही पहिला प्रश्न हाच. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी फोटोबद्दल. तो 1981 सालच्या 'ॲपल' या दळणवळण उपग्रहाचा. बघणारे म्हणतात, पैसे नव्हते, जुगाड केला. मला हे ऐकवत नाही. अँटेनाची चाचणी मोकळ्या जागी घ्यायची होती आणि खाली धातूची गाडी असती तर तिच्यामुळे चाचणीत गडबड झाली असती, म्हणून लाकडाची गाडी. काम कशानं फसेल हे कुणीतरी आधीच बसून शोधलं होतं, मला त्या फोटोत ते दिसतं. मंगळयान 450 कोटींत गेलं हे आमच्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ आहे, कारण भाव पाडताना त्यांना ते मला ऐकवता येतं. स्वस्ताईचा धडा सगळ्यांनी उचलला, काय फसेल ते आधीच शोधण्याचा दुसरा मात्र तसाच राहिला.

मलाही तो फार उशिरा कळला, 2019 च्या मे महिन्यात. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगची, म्हणजे ज्यात बेअरिंग बसतं त्या कवचांची ऑर्डर होती, 240 नग. बोअर, म्हणजे आतलं भोक, 60 मिलिमीटर. माप वाढलं तर 30 मायक्रॉनची सूट, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, आणि घटलं तर काहीच नाही. गाळ्यावर पत्रे, एसी नाही. मशीनवरून उतरलेला गरम जॉब, म्हणजे तयार नग, आम्ही लगेच बोअर गेजनं मोजायचो आणि प्रत्येक नग पास व्हायचा. गिऱ्हाइकाच्या थंड तपासणी खोलीत, 20 अंशांवर, तेच नग आकसले आणि बेअरिंग आत जाईना. एवढ्या मापाचं ॲल्युमिनियम 20 अंशांनी निवलं की बोअर साधारण 27 मायक्रॉननं आवळतो. हे गणित मला येत होतं. ते करून बघायचं सुचलं नाही.

सगळा माल परत आला. पुन्हा फिक्स्चरमध्ये, म्हणजे नग पकडायच्या पकडीत धरून बोअर वाढवताना बऱ्याच नगांचं सेंटर हललं, ते भंगारात गेले. पैशाचं दुःख होतंच, पण मनाला लागलं ते दुसरंच. आमच्या ऑपरेटरला दुसऱ्याच दिवशी शंका आली होती. रात्रभर निवलेल्या एका नगात बेअरिंग अडतंय हे त्यानं पाहिलं होतं, आणि तो गप्प बसला. का, म्हणून विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "ताई, मागच्या वेळी चूक सांगितली तेव्हा तुम्ही माझाच पगार कापलात." आणि गिऱ्हाइकाकडे बोलणी खायलाही मी त्यालाच पाठवलं होतं.

त्याच वर्षी 7 सप्टेंबरच्या पहाटे चांद्रयान-2 चं उतरायचं यान 'विक्रम' चंद्रावर आदळलं. मी जागी होते. त्यानंतर इस्रोच्या जुन्या अपयशांबद्दल वाचायला लागले. 10 ऑगस्ट 1979 ला एसएलव्ही-3 या रॉकेटचं पहिलं उड्डाण बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्प अब्दुल कलामांचा होता. पत्रकारांसमोर बसले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. पुढच्या वर्षी 18 जुलैला तेच रॉकेट यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. कलाम ही गोष्ट पुढे कितीतरी भाषणांत सांगत राहिले. मी ती वाचली आणि मला रिजेक्शनची चिठ्ठी घेऊन गिऱ्हाइकाच्या गेटवर उभा असलेला आमचा ऑपरेटर दिसला. कापलेला पगार मी त्याला दिला. तेव्हापासून माल परत आला की गिऱ्हाइकाकडे मी जाते.

चांद्रयान-3 च्या वेळी अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी आधीच्या वेळी काय चुकलं ते जाहीरपणे सांगितलं: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त रेटा दिला, चुका साठत गेल्या, यानाला हव्या तेवढ्या वेगानं वळता येईना, आणि उतरायला जागा होती जेमतेम 500 मीटर बाय 500 मीटर. या खेपेला काय काय बिघडू शकतं हे धरूनच आखणी केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा 4 किलोमीटर लांब आणि सुमारे अडीच किलोमीटर रुंद केली. 23 ऑगस्ट 2023 ला ते उतरलं.

जागा मोठी करण्याची ही गोष्ट मी जशीच्या तशी उचलली. ड्रॉइंग काढणारा बरेचदा सगळ्या मापांना सारखीच कडक टॉलरन्स, म्हणजे मापातली सूट, देऊन मोकळा होतो. मी ड्रॉइंग घेऊन विचारते, "साहेब, या बाजूला काही बसतं का?" एका कव्हर प्लेटच्या बाहेरच्या मापाला 20 मायक्रॉन लिहिले होते, तिथे काहीच बसत नव्हतं. फोनवर पाच मिनिटांत ती सूट दहापट झाली आणि आमचं ग्राइंडिंग वाचलं. जिथे बेअरिंग बसतं तिथे मात्र एक मायक्रॉनही मागत नाही. तिथे जॉब निववूनच मोजायचा.

नवीन जॉब लावण्याआधी आता दहा मिनिटं मशीन बंद. प्रश्न एकच: हा कुठे फसेल? सगळ्यात नवा माणूस आधी बोलतो, मी शेवटी, कारण मी आधी बोलले की पुढे कुणी तोंड उघडत नाही. जे निघेल ते वहीत लिहायचं. मागच्या सोमवारी दोन महिन्यांपूर्वी लागलेला हेल्पर चाचरत म्हणाला, "ताई, तयार माल ठेवतो ना, तिथेच पावसात पत्रा गळतो." रॅक त्याच संध्याकाळी हलवला. आता तो पत्रा तेवढा बदलून घ्यायचा आहे.