टिग वेल्डिंग: आधी पोलाद, मग अॅल्युमिनियम

टिग (टंगस्टनच्या टोकापासून निघणाऱ्या विजेच्या ज्योतीने धातू वितळवून जोडण्याची पद्धत) शिकताना मी फिलर रॉड (जोडात भरायची धातूची कांडी) बाजूला ठेवून आधी माइल्ड स्टीलच्या पट्टीवर वितळलेल्या धातूचे डबके नुसतेच सरळ रेषेत पुढे नेण्याचा सराव केला आणि नवशिक्यासाठी मला हाच क्रम योग्य वाटतो. टंगस्टनचे टोक वितळलेल्या धातूला टेकले, की ते पुन्हा लांबीच्या दिशेने घासण्यावाचून गत्यंतर नसते. अॅल्युमिनियम अधिक हट्टी आहे: धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्यावरील ऑक्साइडचा थर २,००० अंशांपुढेही टिकतो, म्हणून पृष्ठभाग स्टेनलेस ब्रशने घासून सहसा एसी (दिशा बदलत राहणारा) वीजप्रवाह वापरतात. पंखा मात्र बंदच ठेवावा (उन्हाळ्यात हे जिवावर येते), कारण वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारे आरगॉन वायूचे आवरण वाऱ्याने विस्कटते आणि जोडात छिद्रे पडतात.